कोणत्या पाळीचा ५७?

कॉलेजात कुणीतरी ऑनलाइन घाण करतं. दुसऱ्या दिवशी कॅन्टीनमध्ये एकच वाक्य फिरत असतं, ‘अबे, आयपी निघाला म्हनते, आता सापडलाच तो!’ तुमच्याही कॉलेजात हे झालं असेल. या वाक्यानंतर पुढचं कुणी विचारत नाही. आयपी निघाला म्हणजे नंबर निघाला, नंबर निघाला म्हणजे माणूस निघाला, विषय संपला. तो संपत नाही, हे मला खाणीत काम करणाऱ्या माझ्या मामामुळे कळलं. कम्प्युटरवाल्या कुणामुळे नाही.

माझा मामेभाऊ खाप्याचा. खापा म्हणजे सावनेर तालुक्यातलं कन्हानकाठचं गाव. तिथून तो रोज एसटीने कॉलेजला जातो. कोणतं कॉलेज ते सोडून द्या. गेल्या सत्रात त्यांच्याकडे ‘विद्यार्थी अभिप्राय’ फॉर्म भरून घेतला. नॅकच्या फायलीसाठी दरवर्षी भरून घेतात ना, तोच. फॉर्म कॉलेजच्याच लॅबमधल्या कम्प्युटरवर ठेवलेला, कॉलेजच्या वायफायवर असलं तरच उघडणारा. वर ठळक अक्षरात लिहिलेलं, ‘नाव लिहिण्याची आवश्यकता नाही.’

एका मॅडमबद्दल कुणीतरी त्यात इतकं घाणेरडं लिहिलं, की मी ते इथे सांगू शकत नाही. मॅडमनी प्राचार्यांकडे तक्रार केली. करायलाच हवी होती. असलं लिहिणाऱ्याला शोधू नये, असं माझं अजिबात म्हणणं नाही. ते आधीच स्पष्ट सांगते, कारण या विषयावर बोललं की लगेच ‘म्हणजे तू त्या पोराची बाजू घेतेस का’ असं विचारणारे भेटतात.

लॅबच्या सरांनी त्या कम्प्युटरची नोंद उघडली. फॉर्म मंगळवारी आला होता आणि पाठवणाऱ्याचा नंबर होता १९२.१६८.१.५७. मग सरांनी वायफायच्या राउटरचं पान उघडलं. तिथे जोडलेल्या फोनांची यादी असते. ५७ च्या पुढे माझ्या मामेभावाच्या फोनचं नाव होतं. आपण फोनला ‘अमक्याचा फोन’ असं नाव देतो ना, ते राउटरला दिसतं. झालं. पालकांना घेऊन ये.

मामा गुमगावच्या मॅंगनीज खाणीत आहे. रातपाळी करून, न झोपता, तसाच आला. केबिनमध्ये प्राचार्य, विभागप्रमुख, लॅबचे सर. भाऊ रडवेला, ‘मी त काहीच नाही केलं’ एवढंच म्हणत होता. सरांनी कागद पुढे केला, नंबर दाखवला. मामाने तो कागद बराच वेळ पाहिला आणि विचारलं, ‘सर, तुम्ही ५७ नंबर म्हणता. पण कोणत्या पाळीचा ५७?’

कुणाला काही कळलं नाही. मग मामाने सांगितलं. खाणीत खाली उतरायच्या आधी लॅम्प रूममधून डोक्यावरचा दिवा घ्यायचा. दिव्यावर नंबर असतो. कोणता दिवा कुणाला दिला, ते वहीत लिहितात. पाळी संपली की दिवा परत. पुढच्या पाळीत तोच दिवा दुसऱ्याच्या डोक्यावर. खाली काही झालं आणि कुणी म्हणालं ‘५७ नंबर दिसला होता’, तर आधी विचारतात, कधी दिसला? मग वही उघडतात. वही नसेल तर ५७ म्हणजे नुसता दिवा.

‘मंगळवारची वही आहे का सर तुमच्यापाशी?’

नव्हती. सरांनी शुक्रवारी जी यादी पाहिली, ती शुक्रवारची होती. त्या घटकेला ५७ कुणाकडे आहे, एवढंच ती सांगत होती. मधे एकदा लाइट गेली होती, राउटर बंद होऊन पुन्हा सुरू झाला होता. आधीचं सगळं पुसलं गेलं होतं. लॅबचे सर खरंच भले माणूस. ते तिथेच म्हणाले, ‘तुमचं बरोबर आहे, हे मी बघायला हवं होतं.’

आता या सगळ्यामागची गोष्ट नीट समजून घेऊ, कारण तुम्हीही कधी त्या केबिनमध्ये बसू शकता. खुर्चीच्या अलीकडेही आणि पलीकडेही.

तुमचा फोन कॉलेजच्या वायफायला जोडला जातो, तेव्हा त्याला स्वतःचा आयपी नंबर नसतो. तो आधी सगळीकडे ओरडतो, ‘कुणी नंबर देणारं आहे का?’ राउटर म्हणतो, ‘आहे, हा ५७ रिकामा आहे, घे.’ फोन म्हणतो, ‘चालेल, हाच द्या.’ राउटर म्हणतो, ‘दिला, इतक्या वेळासाठी.’ चार वाक्यांचा हा संवाद सेकंदभरात आटोपतो. या पद्धतीचं नाव डीएचसीपी. ती १९९३ मध्ये ठरली आणि १९९७ मध्ये जो मसुदा आला तोच आजही मुळाशी आहे. म्हणजे तुमच्यापैकी बहुतेकांच्या जन्माच्या आधीपासून हे चाललंय.

‘इतक्या वेळासाठी’ हे शब्द महत्त्वाचे. नंबर मालकीचा नसतो, भाड्याचा असतो. अर्धी मुदत झाली की फोन गुपचूप मुदत वाढवून मागतो. तुम्ही कॉलेजातच असाल तर मिळते. तुम्ही एसटीत बसून गेलात तर मुदत संपते, आणि ५७ पुन्हा रिकाम्या खोलीसारखा पुढच्या भाडेकरूची वाट पाहतो. साध्या राउटरवर अशा खोल्या असतात जास्तीत जास्त २५४. कॉलेजात पोरं असतात नऊशे. मग मुदत तास-दोन तासांची ठेवावी लागते आणि दिवसभर नंबर फिरत राहतात.

गंमत म्हणजे हे दरवेळी बदलतातच असंही नाही. तुम्ही दुसऱ्या दिवशी परत आलात आणि तुमचा जुना नंबर रिकामा असेल, तर राउटर बहुतेकदा तोच देतो. त्यामुळे पाहणाऱ्याला वाटतं, ५७ म्हणजे हाच पोरगा. दहादा बरोबर निघतं. अकराव्यांदा चुकतं आणि तेव्हा समोर कुणीतरी रडवेलं उभं असतं.

मग बदलत्या नंबरांच्या जाळ्यात एखादा फोन शोधायचा कसा? वहीनेच. वहीत तीन रकाने लागतात. कोणता नंबर, कोणत्या यंत्राला, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत. यातला तिसरा रकाना लोक विसरतात. आणि तो भरलेला असला तरी घड्याळ बरोबर आहे का, हे तर कुणी पाहतच नाही. अनेक सर्व्हर वेळ लिहितात ती आंतरराष्ट्रीय प्रमाणवेळ, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. नोंदीत ६:१० दिसलं तर आपल्याकडे ११:४० वाजलेले असतात. राउटर भारतीय वेळ लिहितोय आणि सर्व्हर परदेशी, असं असेल तर दोन्ही नोंदी खऱ्या असूनही त्या जोडून निघालेला माणूस खोटा असतो. साडेपाच तासांत ५७ नंबर तीन जणांच्या खिशात जाऊन आलेला असू शकतो.

‘कॉलेजचं ठीक आहे गं, पोलिसांकडे, मोठ्या कंपन्यांकडे अशी चूक थोडीच होते,’ असं मला एक मैत्रीण म्हणाली. झालेली आहे. आपल्याच महाराष्ट्रात.

२००७ ची गोष्ट. तेव्हा ऑर्कुट होतं, फेसबुकच्या आधी सगळे तिथे असायचे. त्यावर कुणीतरी छत्रपती शिवाजी महाराजांची बदनामी करणारा मजकूर टाकला. पुणे पोलिसांनी तपास सुरू केला. आयपी नंबर मिळाला. तो नंबर कुणाकडे होता, हे इंटरनेट देणाऱ्या कंपनीला विचारलं. कंपनीने बंगळुरूच्या एका तरुण सॉफ्टवेअर इंजिनियरचं नाव-पत्ता दिला. ३१ ऑगस्ट २००७ ला पोलिसांनी त्याला घरून उचललं, पुण्याला आणलं. तो सांगत राहिला, की मी नाही. शेवटी निघालं काय, तर कंपनीने दिलेली माहितीच चुकीची होती. त्याचा त्या मजकुराशी काहीएक संबंध नव्हता. तोवर त्याचे येरवड्यात ५० दिवस गेले होते.

पन्नास दिवस. तुमचं अख्खं सेमिस्टर नव्वद दिवसांचं असतं.

आरोप किती भावनेचा होता, हेही लक्षात घ्या. महाराजांची बदनामी म्हटल्यावर आपल्यापैकी कुणाचंही रक्त तापेल. त्या रागात ‘नंबर निघाला’ एवढं ऐकल्यावर ‘कोणत्या वेळचा नंबर’ हे विचारायला कोण थांबणार? म्हणून तर विचारायचं. राग जितका खरा, तितकी वही जास्त तपासायची. मॅडमच्या बाबतीतही हेच.

आता याच्या उलट बाजूचा किस्सा. तिथे नंबर बरोबर होता, वही बरोबर होती, घरही बरोबर सापडलं, तरी माणूस चुकला. २६ जुलै २००८ ला अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले. त्याच्या काही मिनिटं आधी माध्यमांना एक ई-मेल आली होती. तिचा आयपी नंबर नवी मुंबईत सानपाड्याच्या एका फ्लॅटचा निघाला. तिथे एक अमेरिकन माणूस भाड्याने राहत होता. त्याचं वायफाय वापरून भलत्याच कुणीतरी मेल पाठवली होती. त्यानंतरच्या महिन्यात आलेली मेल निघाली माटुंग्याच्या खालसा कॉलेजच्या वायफायवरून. हो, कॉलेजच्या. सप्टेंबरमध्ये दिल्लीच्या स्फोटांच्या वेळची मेल चेंबूरच्या एका कंपनीच्या वायफायवरून. पाठवणारे एका पाठोपाठ एक दुसऱ्यांची दारं वापरत होते. नंतर मुंबई पोलिसांनी रस्त्यांवर फिरून कुणाचं वायफाय उघडं आहे ते तपासायचं ठरवलं, आणि सरकारने सार्वजनिक वायफाय वापरणाऱ्याची ओळख नोंदवायचे नियम आणले. आज रेल्वे स्टेशनवर वायफाय वापरताना मोबाइल नंबर टाकून ओटीपी द्यावा लागतो, त्याचं मूळ इथे आहे.

म्हणजे पाहा, दोन वेगवेगळ्या चुका आहेत. एक, नंबरावरून चुकीच्या यंत्रापर्यंत पोहोचणं. दुसरी, बरोबर यंत्रापर्यंत पोहोचून तिथल्या माणसाला गुन्हेगार समजणं. लॅबमधला तिसऱ्या रांगेतला कम्प्युटर सापडला तरी त्यावर त्या तासाला कोण बसलं होतं, हे कम्प्युटर सांगत नाही. म्हणून तर सायबर कॅफेंना २०११ च्या नियमांनी ग्राहकांची नोंदवही ठेवायला लावली, किमान एक वर्ष. कॅफे बंद पडले, पण वहीची कल्पना जुनी नाही झाली.

मोबाइल डेटावर असलात तर आणखी वेगळीच भानगड. आयपीचे जुन्या पद्धतीचे नंबर जगात आहेत सुमारे ४२९ कोटी, आणि यंत्रं त्याहून कितीतरी जास्त. म्हणून कंपन्या एकाच बाहेरच्या नंबरामागे एकाच वेळी खूप ग्राहक बसवतात. एका वाड्यात शंभर बिऱ्हाडं आणि दारावर एकच घर क्रमांक, तसं. आतलं बिऱ्हाड शोधायचं तर नंबर आणि वेळ याशिवाय ‘पोर्ट’ नावाचा आणखी एक आकडा लागतो. तो आकडा वेबसाइटने नोंदवलाच नसेल, तर कंपनीच्या हाती शंभर नावांची यादी येते. मोबाइल कंपन्यांनी अशा नोंदी ठेवायच्या असतात. डिसेंबर २०२१ मध्ये त्यांची मुदत एक वर्षावरून दोन वर्षं झाली. म्हणजे ‘मोबाइल डेटा वापरला की काय बी कळत नाही’ असं जे आपले मित्र म्हणतात, तेही खरं नाही. कळू शकतं. फक्त त्यासाठी कुणीतरी नीट लिहून ठेवलेलं लागतं.

बरं, नंबर बदलतो तर न बदलणारं काही नसतं का? असतं, म्हणजे होतं. प्रत्येक फोनच्या वायफाय चिपला कारखान्यातून एक पत्ता मिळतो, त्याला मॅक म्हणतात. बारा अक्षर-आकड्यांचा. पहिले सहा बनवणाऱ्या कंपनीचे, उरलेले त्या चिपचे. राउटरच्या वहीतला दुसरा रकाना म्हणजे हा मॅक. आयपी दिवसात चारदा बदलला तरी मॅकच्या आधारे फोन ओळखता यायचा.

आणि त्यामुळेच गडबड झाली. वायफाय चालू ठेवून रस्त्याने चाललात तरी फोन जवळपासच्या राउटरला हाका मारत जातो आणि हाक मारताना आपला मॅक सांगतो. २०१३ मध्ये लंडनमध्ये एका कंपनीने रस्त्यावरच्या कचराकुंड्यांत यंत्रं बसवून येणाऱ्याजाणाऱ्यांचे फोन मोजायला सुरुवात केली होती. कोण रोज किती वाजता इथून जातो, हे कचराकुंडीला माहीत! बोभाटा झाला आणि तिथल्या प्रशासनाने ते थांबवायला लावलं. त्यानंतर फोन बनवणारे शहाणे झाले. २०१४ पासून आयफोन हाका मारताना खोटा मॅक सांगू लागला. २०१९ च्या अँड्रॉइड १० पासून आणि २०२० च्या आयओएस १४ पासून फोन प्रत्येक वायफायला जोडताना वेगळा, बनवलेला मॅक देतो. घरी एक, कॉलेजात दुसरा, कॅफेत तिसरा. ओळखायचाही सोपा उपाय आहे. मॅकचं दुसरं अक्षर २, ६, ए किंवा ई असेल तर तो बनवलेला. वायफायच्या सेटिंगमध्ये जाऊन आत्ता पाहू शकता.

हे मला आवडतं. तुम्ही सीताबर्डीच्या कोणत्या दुकानात किती वेळ रेंगाळलात, हे तिथल्या राउटरला कळायचं काही कारण नाही.

पण कॉलेजांना हे आवडत नाही. ‘वायफाय हवं असेल तर रँडम मॅक बंद करा’ अशी सूचना बऱ्याच होस्टेलच्या नोटीस बोर्डावर असते. पोरं मुकाट्याने बंद करतात, किंवा चिडून म्हणतात, ही पाळत आहे. माझं मत थोडं वेगळं आहे. स्वतःच्या जाळ्यावर कोण आहे हे कळावं, असं कॉलेजला वाटणं चूक नाही. चूक आहे ती फोनला धरून माणूस शोधण्याची पद्धत. मॅक कुणीही बदलू शकतं, दुसऱ्याचा चोरूही शकतं. ज्याला खरंच घाण करायची आहे तो पाच मिनिटांत बदलेल. सापडेल तो सूचना वाचून प्रामाणिकपणे सेटिंग बंद करणारा.

त्यापेक्षा प्रत्येकाला आपापला आयडी-पासवर्ड देणं बरं. मग वहीत फोनऐवजी खातं लिहिलं जातं, मॅक खरा असो की बनवलेला. अनेक मोठ्या संस्थांमध्ये असंच आहे. अर्थात मग आपलंही एक काम वाढतं. ‘यार, तुझा आयडी दे ना, माझा चालून नाही राहिला’ असं कुणी म्हटलं की आपण देतो. दहा रुपये उसने द्यावेत तसा देतो. सानपाड्याच्या भाडेकरूसारखी गत व्हायला तेवढं पुरतं.

या सगळ्यात मला सर्वांत जास्त खटकलेली गोष्ट वेगळीच आहे. त्या फॉर्मवर ‘नाव लिहिण्याची आवश्यकता नाही’ असं होतं. वाचणाऱ्याने काय समजायचं? की मी कोण, हे कळणार नाही. प्रत्यक्षात प्रत्येक फॉर्मबरोबर नंबर आणि वेळ लिहिली जात होती. सरांनी मुद्दाम केलं नसेल. सर्व्हर आपोआपच लिहितो. पण पोरांनी त्या भरवशावर शिक्षकांबद्दल, फीबद्दल, शौचालयाबद्दल खरं खरं लिहिलं असणार. ती नोंद कुणाच्या हाती असते? किती दिवस? मॅडमच्या प्रकरणात ती उघडली ते योग्यच. पण उद्या ‘फी जास्त आहे’ लिहिणारा कोण, हे पाहायला उघडली तर? निनावी म्हणायचं असेल तर नंबर लिहूच नये. लिहायचाच असेल तर निनावी म्हणू नये, ‘गरज पडल्यास शोधता येईल’ असं सरळ लिहावं. त्या एका ओळीने घाण लिहिणाराही कदाचित थांबला असता.

नियम आहेत का? आहेत. केंद्र सरकारच्या ‘सर्ट-इन’ या संस्थेने २८ एप्रिल २०२२ ला निर्देश काढले. त्यात इंटरनेट सेवा देणाऱ्या कंपन्या, इतर कंपन्या आणि सरकारी संस्थांनी आपल्या यंत्रणांच्या नोंदी १८० दिवस जपून ठेवायच्या, आणि सगळ्या यंत्रांची घड्याळं राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र किंवा राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवून ठेवायची, असं म्हटलंय. पाहा, मामाने जे विचारलं तेच! वही कुठे आहे आणि घड्याळ कोणतं आहे. व्हीपीएन वापरणाऱ्यांच्या नोंदी पाच वर्षं ठेवा, असंही त्यात आहे. त्यावर बरीच टीका झाली. काही व्हीपीएन कंपन्यांनी भारतातले सर्व्हर हलवले. ती टीका मला पटते. नोंद नीट ठेवणं वेगळं आणि सगळ्यांची सगळी नोंद वर्षानुवर्षं साठवणं वेगळं. लॅम्प रूमच्या वहीत कोणाला कोणता दिवा दिला एवढंच असतं. खाली उतरल्यावर तो कुणाशी काय बोलला, हे तिथे कुणी लिहीत नाही.

२०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं एकमताने सांगितलं. २०२३ मध्ये वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा संसदेत मंजूर झाला. त्यात संमती घेताना द्यायची नोटीस आपल्या भाषेत मागता येते, मराठीतही. मोठ्या गोष्टी आहेत या, दिल्लीतल्या. मला त्या खाप्याहून येणाऱ्या पोराच्या पातळीवर आणायच्या आहेत. म्हणून तुमच्या विद्यार्थी परिषदेने किंवा तुम्ही चार जणांनी मिळून कॉलेजला एवढंच लेखी विचारा. आमच्या वायफायच्या कोणत्या नोंदी ठेवता, किती दिवस, कोण पाहू शकतं, आणि कुणावर आरोप झाला तर त्याला ती नोंद पाहायला मिळेल का? उत्तर देणं अवघड नाही. एका पानात मावेल. लॅबच्या सरांनाही त्याने मदतच होईल, कारण नोंदी साठवायला वेगळी यंत्रणा लागते, तिला पैसे लागतात आणि सर ते मागून मागून थकलेले असतात.

आणि कधी तुमच्यावरच वेळ आली, तर रडू नका, ओरडू नका, मोबाइलमधलं काही घाबरून पुसून टाकू नका. नंबर कोणता, तारीख आणि वेळ कोणती, ती वेळ कोणत्या घड्याळाची, त्या वेळी तो नंबर माझ्या फोनकडे होता हे सांगणारी नोंद कुठे, असं विचारा. नम्रपणे विचारा. त्या वेळी तुम्ही दुसरीकडे असाल तर एसटीचं तिकीट, यूपीआयचा हिशेब, जे असेल ते जपून ठेवा. आणि तुम्ही कॅन्टीनमधल्या घोळक्यात असाल, कुणीतरी दुसऱ्याचं नाव घेत असेल, तर हाच प्रश्न तिथेही विचारता येतो.

मामेभावाचं पुढे काय झालं? कॉलेजने त्याला सोडून दिलं. पण फाइलमध्ये लिहिलं, ‘विद्यार्थ्यास समज देण्यात आली.’ कशाची समज? मंगळवारी ५७ कुणाकडे होता हे कुणालाच माहीत नाही, म्हणजे त्याने केलं हे सिद्ध झालं नाही. पण केलं नाही, असंही कागदावर नाही. वर्गातली दोन-चार पोरं अजून त्याला ‘सत्तावन’ म्हणतात. मॅडमना कोणी लिहिलं ते शेवटपर्यंत कळलं नाही. त्या रोज त्याच वर्गात शिकवतात. तो लिहिणारा समोरच कुठेतरी बसलेला आहे, हे माहीत असूनही.

भावाने गेल्या महिन्यात अर्ज दिलाय. ‘समज देण्यात आली’ ही ओळ काढावी आणि आरोपाला आधार सापडला नाही, असं लिहावं. अर्ज मामाने सांगितला तसा लिहिलाय, त्यामुळे त्यात ‘पाळी’ हा शब्द दोनदा आलाय. मी तो बदलू दिला नाही. आवक क्रमांक मिळालाय, उत्तर अजून यायचंय.